ओल्या विटेची ताकद

२०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय सर्वेक्षणात प्रगणक घरोघर गेले आणि भिंती कशाच्या, छप्पर कशाचे, हे त्यांनी नोंदवून घेतले. माती आणि कच्ची वीट एका बाजूला पडली. भाजलेली वीट, दगड, काँक्रीट दुसऱ्या बाजूला. नोव्हेंबर २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजनेचा ग्रामीण भाग सुरू झाला, तेव्हा लाभार्थी याच नोंदींवरून ठरले. ज्याला घरच नाही, किंवा ज्याच्या एक-दोन खोल्यांच्या भिंतीही कच्च्या आणि छप्परही कच्चे, तो पात्र. गरिबाला शोधून काढायला ही कसोटी योग्यच होती. वऱ्हाडात मातीच्या भिंतीमागे बहुतेक वेळा तंगीच असते. पण या कसोटीने आणखी एक समज घट्ट केला : माती म्हणजे कच्चे आणि भट्टी म्हणजे पक्के. अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्यात आज घरकुल मंजूर झाले की जुनी भिंत पाडायची, मलबा नाल्यात टाकायचा आणि विटांच्या ट्रॉलीला आगाऊ पैसे द्यायचे, हाच क्रम ठरून गेला आहे.

यंत्रात दाबून घडवलेली, थोडा चुना किंवा थोडे सिमेंट घातलेली आणि भट्टीत न भाजलेली मातीची वीट या दोन्ही रकान्यांत बसत नाही. इंजिनिअर तिच्याविषयी सांगायला लागला की दर चौरस सेंटिमीटरला किती किलो भार पेलते, तो आकडा आधी सांगतो. गावातला माणूस तो आकडा ऐकून घेतो आणि विचारतो, "पान्यात इरघळन नाही का भाऊ हे ईट?" माझ्या मते खरा प्रश्न या माणसाचा आहे. मातीच्या विटेच्या ताकदीबद्दल जे काही बोलायचे, ते या प्रश्नाच्या अंगाने बोलायला हवे. कारण भार पेलण्याची अडचण साध्या घरापुढे जवळजवळ नसतेच.

हिशेब करून पाहू. दहा फूट म्हणजे तीन मीटर उंचीची भिंत धरली आणि मातीच्या बांधकामाचे वजन घनमीटरला १९०० किलो धरले, तर भिंतीच्या तळाशी तिच्या स्वतःच्या वजनाचा दाब येतो चौरस सेंटिमीटरला जेमतेम ०.५७ किलो. वर काँक्रीटचा स्लॅब टाकला, त्यावर फरशी, माणसे, वाळवणाचे धान्य असे सगळे मिळून चौरस मीटरला साडेसहाशे किलो धरले, आणि मधल्या भिंतीवर दोन्हीकडच्या खोल्यांचा मिळून साडेतीन मीटर पट्ट्याचा भार घातला, तर नऊ इंची भिंतीवर आणखी एक किलो. एकूण दीड-पावणेदोन किलो. पत्र्याच्या घराला तर याच्या निम्मेही नाही. मातीच्या विटांसाठीचे भारतीय मानक आयएस १७२५ हे १९६० साली आले आणि १९८२ व २०१३ साली सुधारले गेले. १९८२ च्या मानकात विटांचे दोन वर्ग होते, २० किलोचा आणि ३० किलोचा. विटा गाऱ्यात रचल्या की भिंतीची ताकद सुट्या विटेच्या निम्म्या-तिसऱ्या हिश्श्यावर येते, आणि त्यातून सुरक्षिततेची वजावट करावी लागते. ते सगळे वजा करूनही एकमजली घराला पुरेल इतके शिल्लक उरते. पुदुच्चेरीजवळच्या ऑरोविलमध्ये विकास नावाच्या वस्तीत अशा विटांवर चार मजले चढवलेले आहेत. आपल्याकडच्या घरकुलाला चार मजले नकोत. त्याला पंचवीस चौरस मीटरचे, पावसात न गळणारे आणि भिंत न सोडणारे घर हवे आहे.

तर प्रश्न पाण्याचा. मानकातले वीस आणि तीस किलो हे आकडे ओल्या विटेचे आहेत. वीट पाण्यात बुडवून, भिजवून, मग यंत्रात चिरडायची आणि जो आकडा येईल तो तिची ताकद मानायची. हे फार महत्त्वाचे आहे, आणि या क्षेत्रात जी फसवणूक होते ती नेमकी इथे होते. कोरड्या मातीला ताकद असतेच. वावरातले मे महिन्यातले ढेकूळ फोडायला कुदळ लागते. चिकणमातीचे सूक्ष्म कण वाळताना एकमेकांना इतके जवळ ओढून घेतात की नुसत्या दाबलेल्या विटेचाही कोरडा आकडा तीस-चाळीस किलोपर्यंत सहज जातो. तीच वीट बादलीत टाका, तासाभरात खाली चिखल बसलेला दिसेल. दाबाने कण जवळ येतात, पोकळी कमी होते, वीट वजनदार होते. पण पाण्याला अडवण्याचे काम दाब करत नाही. ते काम चुना किंवा सिमेंट करते. म्हणून विकणारा जेव्हा कोरडा आकडा सांगतो तेव्हा त्याने काहीच सांगितलेले नसते. भाजलेल्या विटेचीही मानक चाचणी भिजवूनच होते. तिचा सर्वांत खालचा वर्ग ३५ किलोचा आहे, आणि भट्टीची वीट आपल्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत पाणी प्यायली तरी चालते. मातीच्या विटेला मात्र १५ टक्क्यांचीच मुभा दिलेली होती. म्हणजे मातीच्या विटेकडून मानकाने पाण्याच्या बाबतीत अधिक कडक अपेक्षा ठेवली. ती पुरी करणारी वीट बनवता येते, आणि बंगळुरू परिसरात गेली चाळीस वर्षे ती बनते आहे.

या विटेचा इतिहास लहान आहे. १९५० च्या दशकात कोलंबियाची राजधानी बोगोता इथल्या गृहनिर्माण केंद्रात राउल रामिरेझ या चिली देशाच्या अभियंत्याने हाताने ओढायच्या दांड्याचे एक लोखंडी यंत्र बनवले. साच्यात माती भरायची, झाकण फिरवायचे, लांब दांडा खाली ओढायचा, वीट वर येते. वीज नाही, आग नाही. सिन्वा-राम नावाने ते जगभर गेले. भारतात १९७४ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अमूल्य रेड्डी यांनी ग्रामीण तंत्रज्ञानासाठी 'अस्त्र' हा विभाग उभारला, आणि तिथे के. एस. जगदीश, बी. व्ही. वेंकटराम रेड्डी यांनी आपल्या मातीला साजेसे यंत्र घडवले आणि कोणती माती किती सिमेंट मागते यावर वर्षानुवर्षे काम केले. त्यांच्या कामातून एक गोष्ट स्पष्ट झाली. विटेची ताकद सिमेंटच्या पोत्यात शोधण्याआधी मातीत शोधावी लागते. मातीत चिकणमाती दहा ते पंधरा टक्के असेल, बाकी बहुतांश वाळूचा अंश असेल, तर सहा-सात टक्के सिमेंटमध्ये ओली वीट तीस किलोच्या पुढे जाते. चिकणमाती तीस टक्क्यांच्या वर गेली की सिमेंट दुप्पट ओतले तरी वीट रुसते.

आता हे तिवस्यात आणून पाहा. वर्धा नदीच्या पश्चिम काठचा हा तालुका. खाली दख्खनचा काळा पाषाण, वर त्याच पाषाणाची झिजून झालेली काळी जमीन. कापूस, तूर, सोयाबीन, संत्रा या मातीवर उभे आहेत. तिच्यात चिकणमाती पन्नास-साठ टक्के, आणि तीही मॉन्टमोरिलोनाइट जातीची, म्हणजे पाणी प्यायली की फुगणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडणारी. विटेसाठी यापेक्षा अवघड माती शोधून सापडणार नाही. ती भट्टीतही नीट वागत नाही. तिच्यातले चुनखडीचे खडे भाजून कळीचा चुना होतात आणि पहिल्या पावसात फुगून वीट आतून फोडतात. म्हणून आपल्याकडचे भट्टीवाले नदी-नाल्याकाठची गाळाची माती शोधत फिरतात, आणि काठावरची चांगली जमीन दरवर्षी थोडी थोडी खोल होत जाते.

आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न वेगळ्या प्रकारे सोडवला होता. शेतीची काळी आणि वस्तीची पांढरी या दोन जमिनी त्यांनी अलग ठेवल्या. घरासाठी काळीला हात लावायचा नाही, पांढरीचीच माती घ्यायची. वऱ्हाडातल्या गढ्या याच पांढऱ्या मातीच्या थरांनी उभ्या राहिल्या. त्यांचे पडके बुरूज शेकडो पावसाळे खाऊन अजून कित्येक गावांत दिसतात. तिवसा तालुक्यातच वर्धेकाठी कौंडण्यपूर आहे. रुक्मिणीचे माहेर म्हणून लोक तिथे जातात. १९६० च्या दशकात मोरेश्वर दीक्षित यांनी तिथल्या टेकाडाचे उत्खनन केले, तेव्हा सातवाहन काळाच्याही आधीपासूनची वस्ती उजेडात आली. असे टेकाड बनते कसे? मातीची घरे पडतात, त्याच मातीवर नवी घरे उठतात, आणि गाव शतकागणिक वर चढत जाते. घराचा कचरा कुठेही नेऊन टाकावा लागत नाही. आपल्या काँक्रीटच्या घरांबद्दल हे म्हणता येणार नाही.

मात्र या जुन्या ज्ञानाचा आज जसाच्या तसा वापर करा, असे मी म्हणणार नाही. पांढरीत राख, शेण, क्षार मुरलेले असतात. नुसत्या मातीच्या भिंतीला त्याने बिघडत नसे, पण सिमेंट अशा मातीत नीट धरत नाही, आणि भिंतीला लोणा लागतो. शिवाय जुन्या टेकाडाला कुदळ लावणे म्हणजे इतिहास विटांत दाबून टाकणे. गढीची माती खत म्हणून वावरात नेऊन आपण आधीच पुष्कळ घालवले आहे.

मग माती आणायची कुठून? तालुक्यात विहिरी खोदल्या जातात, शेततळी होतात, नाले खोल केले जातात. काळ्या थराखाली पिवळसर माती आणि मुरूम लागतो. विहिरीच्या तोंडाशी त्याचा ढीग वर्षानुवर्षे पडून असतो, त्यावर बाभळी उगवतात. हीच विटेची माती. मुरूम चाळून घ्यायचा, पाच मिलिमीटरच्या जाळीतून जाईल तेवढा. तो फार भरड असेल तर त्यात थोडी काळी माती मिसळायची, म्हणजे कण धरून ठेवणारी चिकणमाती मिळते. काळीत पन्नास टक्के चिकणमाती असेल आणि एका वाट्याला तीन वाटे मुरमाचा चाळ किंवा गिट्टी क्रशरची चुरी घातली, तर मिश्रणात ती साडेबारा टक्क्यांवर येते, म्हणजे बरोबर हवी तिथे. तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. काचेच्या बरणीत माती, पाणी आणि चिमूटभर मीठ घालून जोरात हलवायचे. वाळू मिनिटाभरात खाली बसते, पोयटा अर्ध्या तासात, चिकणमाती दुसऱ्या दिवशी. तीन थर मोजले की मातीचे पोट कळते. मिश्रणात पाणी किती, हे शिकायला मात्र हात बसावा लागतो. भाकरीच्या पिठाला पाणी जास्त झाले की भाकरी थापताना फाटते, तसेच इथेही थोडे जास्त पाणी वीट बिघडवते.

पंचवीस चौरस मीटरच्या घराच्या भिंतींना दारे-खिडक्या वजा जाता सुमारे पंधरा घनमीटर बांधकाम लागते. सैल मातीत मोजले तर ट्रॅक्टरच्या आठ-दहा ट्रॉल्या. एका विहिरीच्या ढिगातून अशी कित्येक घरे निघतील.

आता ऊर्जेचा हिशेब, कारण टिकाऊ या शब्दाला त्याशिवाय अर्थ नाही. वेंकटराम रेड्डी आणि जगदीश यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक घनमीटर भाजलेल्या विटांच्या बांधकामामागे २१४१ मेगाज्यूल ऊर्जा खर्च होते असे दाखवले. सहा टक्के सिमेंटच्या मातीच्या विटांच्या बांधकामाला ६४६. फरक दीड हजाराच्या घरात. पंधरा घनमीटरच्या घरकुलाला हा फरक लावला तर सुमारे साडेबावीस हजार मेगाज्यूल होतात, म्हणजे साधारण एक टनाहून थोडा जास्त कोळसा. एका छोट्या घराच्या केवळ भिंतींमागे एक टन कोळसा! अमरावती जिल्ह्यात दरवर्षी मंजूर होणाऱ्या घरकुलांना हे गुणून पाहावे.

पण त्याच अभ्यासातला आणखी एक आकडा मातीच्या विटेचे गुणगान करणारे सहसा सांगत नाहीत. सिमेंट सहावरून आठ टक्क्यांवर नेले की तीच वीट ८१० मेगाज्यूलवर जाते. आणि सिमेंटच्या पोकळ ठोकळ्यांचे बांधकाम आहे ८१९. म्हणजे दोन टक्के सिमेंट वाढले आणि ठोकळ्यांच्या तुलनेत पर्यावरणाचा फायदा संपला. उरली ती फक्त मातीच्या रंगाची सिमेंटची वीट. शहरांत बंगल्यांसाठी 'इको' म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी विटा अशाच असतात. गिऱ्हाइकाला ताकद दाखवायची म्हणून कंत्राटदार सिमेंट वाढवत नेतो. हे मला या विषयातले सर्वांत मोठे दुखणे वाटते. जास्त ताकदीचा हव्यास विटेचा हेतूच मारतो. पावणेदोन किलोच्या भारासाठी सत्तर किलोची वीट कशाला? पुरेशी ताकद ही एक मर्यादा आहे. तिच्यापुढचे सिमेंट म्हणजे उधळपट्टी, आणि ती उधळपट्टी बहुतेक वेळा चुकीची माती झाकण्यासाठी केलेली असते.

तिवस्याला सिमेंट कमी करण्याची एक वाट अगदी जवळ आहे. काळ्या चिकणमातीवर सिमेंटपेक्षा चुना चांगला लागू पडतो. चुन्यातले कॅल्शियम तिच्या कणांचा फुगण्याचा स्वभाव मोडते आणि पुढे महिन्यामहिन्यांनी त्यांना बांधत जाते. त्यात राख मिसळली तर ही बांधणी अधिक पक्की होते, आणि राखेचे ढीग अमरावतीहून तिवस्याकडे येताना नांदगाव पेठेच्या औष्णिक वीज केंद्राशी आहेत. १९९९ साली केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने अधिसूचना काढून वीज केंद्रांभोवतीच्या ५० किलोमीटरमध्ये विटा बनवताना राख मिसळणे बंधनकारक केले. २००३ मध्ये ही हद्द १०० किलोमीटर झाली, २०१६ मध्ये ३००. म्हणजे राख उपलब्ध आहे, कायदा तिच्या बाजूचा आहे, चुना बाजारात आहे. चुना-राखेच्या विटेला सिमेंटच्या विटेपेक्षा जास्त दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवावे लागते, एवढीच तिची अट. उन्हाळ्यात पाणी टंचाईच्या गावात ही अट लहान नाही, म्हणून विटा पाडायचे काम दिवाळीनंतर, विहिरींना पाणी असताना करावे.

वीट कितीही चांगली झाली तरी एक शत्रू उरतो, आणि तो भिंतीच्या खाली असतो. वऱ्हाडातल्या घरांना खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या जाणाऱ्या भेगा पाहिल्या की लोक विटेला दोष देतात, गवंड्याला देतात. बऱ्याचदा दोष असतो पायाखालच्या काळ्या मातीचा. पावसाळ्यात ती घर उचलते, उन्हाळ्यात सोडते; कोपरे एका वेळी आणि मध्य दुसऱ्या वेळी. या काळ्या मातीवर आयआयटी मुंबईच्या आर. के. कट्टी यांनी आयुष्यभर काम केले. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या, चिकटपणा असलेल्या मुरमासारख्या मातीचा पुरेसा जाड थर दाबून बसवला की खालची माती फुगणे थांबवते, हे त्यांनी दाखवून दिले. कालव्यांच्या अस्तरीकरणात हे तंत्र वापरले गेले. आपल्या घरकुलाच्या पायात मात्र काळी माती तशीच राहते आणि तिच्यावर भाजलेली वीट रचली म्हणून घर पक्के ठरते. मातीच्या विटेच्या घराला हा निष्काळजीपणा अजिबात परवडणार नाही. पायातली काळी काढायची, मुरूम थराथराने धुमसायचा, वर काळ्या दगडाचे दीड-दोन फूट जोते उचलायचे, त्यावर ओल अडवणारा थर द्यायचा, आणि मगच मातीची वीट लावायची. छप्पर भिंतीबाहेर दोन फूट काढायचे. पागोळ्यांचे शिंतोडे जिथे उडतात ती खालची दोन फूट भिंत दगडाची असली, की विटेवर पाण्याचा मारा फारसा उरतच नाही. आपल्या जुन्या घरांना उंच जोती आणि लांब ओसऱ्या होत्या त्या याचसाठी. स्लॅबचे सपाट छप्पर आले, ओसरी गेली, आणि भिंत पावसात उघडी पडली.

पुराच्या बाबतीत मात्र कोणतीही बढाई मारू नये. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने वरच्या अंगाला, नागपूर जिल्ह्यातले मोवाड गाव उद्ध्वस्त केले. दोनशेवर माणसे गेली. पुराच्या पात्रात बांधलेले घर कशाचेही असो, धोक्यातच असते. मातीची वीट तिथे तर मुळीच नको.

भूकंपाचा आक्षेप अधिक जड आहे. महाराष्ट्राच्या मनात मातीच्या घराचे चित्र ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे कायमचे बदलले. गणेश विसर्जन करून झोपलेली किल्लारी आणि भोवतालची गावे दगड-मातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदाच्या जड छपरांखाली गाडली गेली. तेव्हाच्या भूकंप नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, म्हणून 'आमच्याकडे भूकंप होत नाही' हे उत्तर वऱ्हाडानेही देऊ नये. पण किल्लारीत भिंती पडल्या त्या का, हे नीट पाहायला हवे. ओबडधोबड दगडांचे दोन पदर, मध्ये माती-खडे भरलेले, दोन्ही पदरांना बांधणारे जोडदगड नाहीत, भिंतींना कोपऱ्यात एकमेकींचा आधार नाही, आणि वर टनावारी मातीचे छप्पर. हादरा बसताच दोन पदर दोन दिशांना गेले. दाबलेल्या विटेची भिंत सरळ, एकसंध, थर जुळलेली असते. तरीही तिला जोत्यावर, खिडक्यांच्या वर आणि छपराखाली लोखंड घातलेले काँक्रीटचे पट्टे हवेतच. कोपऱ्यांत उभ्या सळया हव्यात. हे भाजलेल्या विटेलाही तितकेच लागू आहे. २००१ च्या भूकंपानंतर कच्छमध्ये अनेक गावे दाबलेल्या मातीच्या विटांनीच पुन्हा उभी राहिली, ती हे पट्टे घालून. आडवा हादरा विटेच्या किलोंनी पेलला जात नाही, बांधणीने पेलला जातो.

मातीच्या घराच्या बाजूने बोलताना एक गोड आठवण काढायची पद्धत आहे : उन्हाळ्यात थंडावा, पावसाळ्यात मातीचा वास, शेणाने सारवलेली जमीन. थंडावा खरा आहे. पंचेचाळीस अंशांच्या दुपारी मातीची जाड भिंत आतला ताप तासन् तास अडवून धरते, आणि पत्र्याच्या झळांत लेकरे झोपवणाऱ्या बाईला त्याची किंमत कळते. पण सारवण कुणी केले? दर पोळ्याला, दर दिवाळीला, प्रत्येक पावसाळ्यानंतर भिंतीचे ओरखडे बायकांनी भरले. उंदरांची बिळे बुजवली, वाळवी झाडली, सापाच्या भीतीने रात्री काढल्या. त्यांना पक्के घर हवे असते, याला केवळ दिखाऊपणा म्हणणे अन्याय आहे. दाबलेल्या विटेचा खरा कैवार मला इथे वाटतो. तिच्या भिंतीला दरवर्षी लिंपण लागत नाही, तिच्यात उंदीर बीळ करत नाही, आणि मातीचा थंडावा तर राहतो. जुन्या घरातले सुख ठेवून त्यातले बायकांवरचे काम कमी करणारी ही वीट आहे.

वर्धा नदी ओलांडली की सेवाग्राम लागते. १९३६ च्या सुमारास बांधलेल्या तिथल्या कुट्या माती, बांबू आणि कौलांच्या आहेत आणि अजून उभ्या आहेत, कारण त्यांची दरवर्षी निगा राखली जाते. स्मारकाला हे जमते, शेतमजुराच्या घराला जमत नाही. हे ओळखूनच वर्ध्यात देवेंद्रकुमार यांनी १९७० च्या दशकात ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र उभे केले आणि माती, कुंभारकाम, छपरे यांवर विज्ञान लावायला सुरुवात केली. आणि तिवसा तालुक्यातच, मोझरीला, तुकडोजी महाराजांनी १९३५ साली गुरुकुंज उभारले. ग्रामगीतेतून त्यांनी गावाच्या गरजा गावात भागाव्यात असा आग्रह धरला. घर ही गावाची सर्वांत महाग गरज आहे, आणि तिचा पैसा सर्वांत वेगाने गावाबाहेर जातो. घरकुलाच्या अनुदानातली मोठी रक्कम सिमेंट कंपनी, लोखंड आणि भट्टीवाला यांच्याकडे वळते. दाबलेल्या विटेत मोठा खर्च मजुरीचा आहे, आणि घरकुलासाठी रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आधीच मिळते. ती मजुरी घरच्याच विटा पाडण्यात गेली तर पैसाही गावात राहील आणि हाताला कसबही येईल.

हे होत नाही याचे कारण यंत्र महाग आहे हे नाही. एक हातयंत्र एखाद्या बचत गटाला परवडेल आणि पाच-सहा जणांची टोळी त्यावर दिवसाला काही शे विटा पाडेल. अडते ते दुसरीकडे. पंचायत समितीतला अभियंता भाजलेल्या विटेचे मूल्यांकन डोळे मिटून करतो, कारण तिच्यावर कुणी प्रश्न विचारत नाही. मातीच्या विटेवर सही करताना तो घाबरतो. विहिरीचा मुरूम उचलायलाही गौण खनिजाची परवानगी तहसीलमधून काढावी लागते. भट्टीवाल्याला हे कागद जमवता येतात, विधवेला येत नाहीत. गवंड्यालाही या विटेचा हात नाही, त्यामुळे तो जाड सिमेंटचा गारा लावतो आणि विटेपेक्षा सांधा कडक होतो.

म्हणून मागणी नेमकी असावी. तिवसा पंचायत समितीने येत्या मंजुरीतली मूठभर घरकुले तरी ज्यांची तयारी असेल त्यांच्याकडून या विटेत बांधून घ्यावीत. विटा अमरावतीतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या यंत्रात भिजवून चिरडाव्यात आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. ज्या गावात विहिरीचा ढीग पडून आहे तिथे घरकुलापुरता मुरूम परवानगीतून मोकळा करावा. आणि घर बांधणाऱ्यांनो, वीट भट्टीची असो, राखेची असो की दाबलेल्या मातीची, पैसे मोजण्याआधी प्रत्येक ढिगातून तीन विटा उचला, रात्रभर पाण्याने भरलेल्या पिंपात बुडवून ठेवा आणि सकाळी काढून हातात घ्या. जिची धार शाबूत असेल आणि जिच्यावर उभे राहिले तरी जी तुटणार नाही, तिचीच ट्रॉली घरी येऊ द्या.